कार्बनचा ताळेबंद आणि पाण्याचे खाते

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या आठवड्यात चेन्नई शहर पाण्याखाली गेले. अड्यार नदीने काठ सोडले, विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला आणि त्या पावसाळ्यात तामिळनाडूत शेकडो माणसे प्राणास मुकली. या घटनेस पुरती चार वर्षेही झाली नव्हती, तोच जून २०१९ मध्ये त्याच शहराला पाणी पुरविणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स व चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलै महिन्यात दोनशेहून अधिक किलोमीटर अंतरावरील जोलारपेट्टै येथून रेल्वेने पाणी आणावे लागले, एका खेपेस २५ लाख लिटर. ज्या शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर, म्हणजे लंडनच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो, त्या शहरावर ही वेळ आली.

हवामानबदल हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु पृथ्वीचे सरासरी तापमान अंश-दीड अंशाने वाढले, हे कोणाच्याही अंगणात दिसत नाही. अंगणात दिसते ते पाणी: कधी घरात शिरलेले, कधी विहिरीच्या तळाशी गेलेले, कधी अवेळी गारांच्या रूपाने पिकावर आदळलेले. यामागील कारण भौतिकशास्त्राचे आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तापलेली हवा जमिनीतील ओल अधिक शोषून घेते आणि साठवलेले बाष्प सोडते तेव्हा थोड्या तासांत सोडते. पावसाचे दिवस कमी आणि पावसाचा जोर अधिक, दोन पावसांमधील खंड लांब आणि त्या खंडातील ऊन अधिक कडक, असा हा अनुभव आहे. दुष्काळ आणि महापूर ही एकाच दोषाची दोन लक्षणे होत.

असे असता, या संकटावर जगाने एकत्र येऊन जे उपाय योजले, त्यांच्या कागदपत्रांत पाण्याला मात्र फार काळ जागा मिळाली नाही. ही उणीव आता तरी दूर होणे आवश्यक आहे.

करारांतील मौन

१९९२ साली रिओ दी जानेरो येथील वसुंधरा परिषदेत हवामानबदलविषयक आराखडा करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. १९९७ साली क्योटो येथे विकसित देशांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालण्यात आल्या. २०१५ साली पॅरिस येथे सर्वच राष्ट्रांनी आपापली उद्दिष्टे जाहीर करावीत असे ठरले. या पॅरिस करारात 'पाणी' हा शब्द एकदाही येत नाही. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने तर २००८ सालीच हवामानबदल व पाणी या विषयावर स्वतंत्र तांत्रिक निबंध प्रसिद्ध केला होता. शास्त्रज्ञांनी पाण्याकडे बोट दाखविले. मुत्सद्द्यांचे लक्ष मात्र धुराड्यावर खिळून राहिले.

या एकांगीपणास एक समजण्याजोगे कारण आहे. कार्बन डाय-ऑक्साइडचा एक टन दिल्लीत हवेत मिसळला काय किंवा डेन्मार्कमध्ये मिसळला काय, पृथ्वीच्या तापमानावर त्याचा परिणाम सारखाच होतो. म्हणून कार्बन मोजता येतो, त्याची बेरीज-वजाबाकी करता येते, त्याचे हप्ते ठरविता येतात, इतकेच काय, त्याची खरेदी-विक्रीही करता येते. पाण्याचे तसे नाही. चेरापुंजीतील एक लिटर आणि जैसलमेरमधील एक लिटर यांचे मोल एक नाही. जूनमधील आणि मेमधील लिटरचेही नाही. ज्याचा हिशेब सोपा, ते खाते आधी उघडले गेले. जे खाते अवघड होते, ते प्रत्येक देशाचे अंतर्गत प्रकरण म्हणून बाजूला ठेवण्यात आले.

अलीकडे हे चित्र पालटू लागले आहे. २०२२ साली इजिप्तमधील शर्म अल शेख येथील परिषदेच्या मुख्य निर्णयात पाण्याचा प्रथमच उल्लेख झाला. २०२३ साली दुबई येथे मान्य झालेल्या अनुकूलनाच्या चौकटीत पाणीटंचाई कमी करणे आणि सर्वांना सुरक्षित पेयजल मिळणे ही उद्दिष्टे अंतर्भूत झाली. २०२४ साली बाकू येथे पाण्याविषयी स्वतंत्र घोषणापत्र निघाले आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरात अनुकूलनाची प्रगती मोजण्यासाठी ५९ निर्देशक स्वीकारले गेले. पण हे निर्देशक ऐच्छिक आहेत आणि घोषणापत्रे कोणावरही बंधनकारक नाहीत. दाराशी आलेल्या पाहुण्याला घरात घेतले, पण पंगतीत अजून बसविलेले नाही, अशी पाण्याची स्थिती आहे.

एका डोळ्याने पाहण्याचे परिणाम

केवळ कार्बन मोजला आणि पाणी मोजले नाही, तर काय होते, याची दोन उदाहरणे भारतातच आहेत.

सिक्कीममधील तीस्ता नदीवर चुंगथांग येथे १,२०० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प उभा होता. धूर नाही, कोळसा नाही; कार्बनच्या हिशेबात हा प्रकल्प निर्दोष होता. ३ व ४ ऑक्टोबर २०२३ च्या मधल्या रात्री वरच्या अंगाचे दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले आणि त्या लोंढ्यात हे धरण वाहून गेले. वितळणाऱ्या हिमनद्यांची सरोवरे वाढत आहेत, हे ज्ञात होते. तापमानवाढीवर उपाय म्हणून उभारलेले धरण त्याच तापमानवाढीने बदललेल्या पाण्यापुढे टिकले नाही.

दुसरे उदाहरण सौर कृषिपंपांचे आहे. डिझेलऐवजी सूर्यप्रकाशावर चालणारा पंप कार्बन वाचवितो, यात शंका नाही. परंतु एकदा बसविल्यावर त्याच्या विजेला शेतकऱ्याला काहीच मोजावे लागत नाही. ऊन फुकट, म्हणून उपसाही फुकट. जेथे भूजल आधीच खोल गेले आहे, तेथे असा पंप दिवसभर चालला तर कार्बनच्या खात्यात जमा आणि विहिरीच्या खात्यात खर्च पडतो.

यावर तोडगा आहे आणि तो प्रत्यक्षात उतरलेलाही आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावात २०१६ साली मूठभर शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी संस्था स्थापन केली. पंपांना लागून उरलेली वीज ही संस्था वीज वितरण कंपनीस विकते. त्यासाठी प्रतियुनिट ४ रुपये ६३ पैसे दराने २५ वर्षांचा करार झाला. पंप विनाकारण चालू ठेवला तर तेवढ्या विजेचे पैसे बुडतात, ही गोष्ट कोणीही न सांगता शेतकऱ्याच्या ध्यानी येते. पंप तोच, ऊन तेच. पण ऊर्जा आणि पाणी यांचा हिशेब एकत्र मांडताच लाभ तिहेरी झाला: कार्बनची बचत, भूजलाची बचत आणि शेतकऱ्याच्या हाती पावसावर न अवलंबणारे उत्पन्न.

पंजाबनेही याच दिशेने एक प्रयोग केला. तेथे शेतीपंपांना वीज मोफत आहे. २०१८ साली काही निवडक वीजवाहिन्यांवर अशी योजना सुरू झाली, की ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या शेतकऱ्याला वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे ४ रुपये थेट मिळावेत. सवलत काढून घेतली नाही. बचतीला किंमत दिली. राजकीयदृष्ट्या अवघड असलेल्या प्रश्नाला हात घालण्याचा हा शहाणपणाचा मार्ग म्हणावा लागेल.

पाणी हेही उत्सर्जन रोखते

पाण्याची गणना हवामाननीतीत झालीच, तर ती 'अनुकूलन' या सदरात होते. म्हणजे झालेल्या बदलाशी जुळवून घेण्याच्या उपायांत. वस्तुतः पाण्याचे योग्य नियोजन उत्सर्जनही घटविते. भारतातील एकूण वीजवापरापैकी सुमारे सहावा हिस्सा शेतीकडे, मुख्यत्वे पंपांकडे जातो. भूजलाची पातळी जितकी खाली जाईल, तितकी तेच पाणी वर आणण्यास वीज अधिक लागते. त्यामुळे पुनर्भरणाने वर आलेली प्रत्येक मीटर पातळी ही ऊर्जेचीही बचत असते.

भातशेतीत सतत पाणी उभे राहिले की चिखलात मिथेन वायू तयार होतो. पाणी सतत उभे न ठेवता, मधूनमधून जमीन वाळू देऊन पुन्हा पाणी दिल्यास मिथेनचे उत्सर्जन मोठ्या प्रमाणावर, अनेक ठिकाणी निम्म्यापर्यंत कमी होते आणि पाणीही वाचते. पाणथळ जागांचे महत्त्वही असेच दुर्लक्षित आहे. पृथ्वीच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापणाऱ्या दलदली पीटभूमी जगातील सर्व वनांच्या वृक्षराजीपेक्षा अधिक कार्बन धरून आहेत. त्यांतील पाणी आटविले की तो कार्बन हवेत जाऊ लागतो. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळ भागात शहराचे सांडपाणी तलावांत खेळवून त्यावर मासे व भाजीपाला पिकविला जातो. सूर्यप्रकाश व शेवाळ यांच्या साहाय्याने, फारशी यंत्रसामग्री न वापरता पाणी शुद्ध होते. २००२ साली या भागास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मोठ्या शुद्धीकरण केंद्रांना जी वीज लागली असती, ती येथे मुळात खर्चच होत नाही.

तीन आक्षेप

पाण्याला आंतरराष्ट्रीय हवामाननीतीत मानाचे स्थान द्यावे, या मागणीवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात आणि ते तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा, की पाणी हा स्थानिक प्रश्न आहे. जागतिक करारात त्याचे काय काम? नदीखोरे स्थानिक असते हे खरे. परंतु पाऊस स्थानिक नसतो. जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा समुद्रातून नव्हे, तर अन्य ठिकाणची माती आणि झाडे यांतून उठलेल्या बाष्पातून येतो. ॲमेझॉनच्या अरण्यातून निघालेले बाष्प दक्षिणेकडील देशांच्या शेतांवर बरसते. अरण्य एका देशात तुटते आणि पाऊस दुसऱ्या देशात हरवतो. तेव्हा पाणी हे सामायिक हिताचे आहे, असे म्हणण्यास शास्त्राचा आधार आहे.

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा आहे. पाण्याचा विषय आंतरराष्ट्रीय मेजावर आला की नद्यांच्या वाटपाचे जुने तंटे उकरले जातील, अशी भीती अनेक राष्ट्रांना वाटते. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९९७ साली संमत केला, पण पुरेशा देशांची मान्यता मिळून तो अमलात येण्यास २०१४ साल उजाडले. भारतही त्यात सहभागी नाही. ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र नदीचे वाटप आणि पाण्याचे व्यवस्थापन हे दोन भिन्न विषय आहेत. भूजलाचा उपसा किती, सिंचनाची कार्यक्षमता किती, शहरातील सांडपाण्याचा पुनर्वापर किती, या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी शेजारी राष्ट्राशी एका थेंबाचीही वाटणी करावी लागत नाही. हवामानकरारात अशीच, देशांतर्गत व स्वयंनिर्णित उद्दिष्टे यावीत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पाण्याच्या उपायांचा गौरव करून विकसित राष्ट्रे उत्सर्जनकपातीतून अंग काढून घेतील आणि 'तुम्ही बंधारे बांधा, आम्ही कोळसा जाळतो' असा व्यवहार रूढ होईल, अशी शंका विकसनशील देशांत व्यक्त होते. या शंकेला उत्तर विज्ञानानेच दिले आहे. आंतरशासकीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे निम्म्या लोकसंख्येला वर्षाचा काही काळ तरी तीव्र पाणीटंचाई सोसावी लागते. आणि तापमान जसजसे वाढेल, तसतशी पाण्याशी निगडित बहुतेक अनुकूलन-उपायांची परिणामकारकता घटत जाईल. भिंत कितीही उंच बांधली, तरी पाणी वाढतच राहिले तर ती अपुरी ठरणारच. म्हणून पाण्याचे नियोजन हे उत्सर्जनकपातीचा पर्याय नाही. ते तिच्या जोडीने चालावयाचे काम आहे. करारात पाण्याचा समावेश करताना ही गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत नमूद होणे अगत्याचे आहे.

पैशाचा प्रश्न

हवामाननिधीचा ओघ कोणत्या दिशेने आहे, यावर बरेच काही अवलंबून आहे. बाकू परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे उद्दिष्ट ठरले. तथापि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार, २०२३ साली विकसित देशांकडून अनुकूलनासाठी आलेला सार्वजनिक निधी अवघा २६ अब्ज डॉलरांच्या घरात होता. कारण उघड आहे. सौरप्रकल्प वीज विकतो व कर्ज फेडतो. त्याला गुंतवणूकदार मिळतो. तलावाचा गाळ काढल्याने भूजल वाढते, पण त्याचे देयक कोणाला पाठवावयाचे? लाभ शेकडो शेतकऱ्यांत विखुरलेला असतो आणि महसूल कोणाच्याच नावे जमा होत नाही.

सार्वजनिक निधीची गरज नेमकी अशाच ठिकाणी असते. हरित हवामान निधीने २०१७ साली ओडिशातील आदिवासीबहुल भागांसाठी एक प्रकल्प मंजूर केला. गावतळ्यांमधून भूजलाचे पुनर्भरण आणि त्याला सौरऊर्जेवरील सूक्ष्मसिंचनाची जोड, असे त्याचे स्वरूप आहे. त्यासाठी सुमारे ३४ दशलक्ष डॉलरांचे अनुदान मिळाले आणि त्याची मान्यताप्राप्त संस्था म्हणून राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजेच नाबार्ड, उभी राहिली. गावचे तळे आणि आंतरराष्ट्रीय निधी यांच्यामध्ये एक विश्वासार्ह वित्तसंस्था असली, की हा ओघ जोडता येतो, हे यावरून स्पष्ट होते. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली हरित ठेवींची जी चौकट आखली, तिच्या पात्र क्षेत्रांतही पाण्याच्या शाश्वत व्यवस्थापनाचा समावेश आहे. ठेवीदाराची बचत पाण्याच्या कामी लागण्याची वाट अशा रीतीने खुली झाली आहे. आता त्या वाटेने जाण्याजोगे, हिशेब चोख असलेले प्रकल्प पुढे आले पाहिजेत.

पाण्यावरील खर्च हा दानधर्म नव्हे, हे श्रीमंत राष्ट्रांना स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक आहे. १९९५ सालच्या पूरधोक्यामुळे नेदरलँड्सला सुमारे अडीच लाख लोकांना घरांतून हलवावे लागले. त्यानंतर त्या देशाने बांध अधिकाधिक उंच करण्याचा शिरस्ता सोडला आणि तिसाहून अधिक ठिकाणी नदीलाच पसरण्यास जागा करून दिली. यासाठी सुमारे २.३ अब्ज युरो खर्ची पडले. जी दूरदृष्टी स्वतःच्या घरी दाखविली, तिच्यासाठी गरीब देशांना साहाय्य करण्यास या राष्ट्रांनी मागेपुढे पाहू नये.

भारताची भूमिका

या विषयात पुढाकार घेण्यास भारतासारखा दुसरा देश नाही. जगाच्या सुमारे १८ टक्के लोकसंख्येला जेमतेम ४ टक्के गोड्या पाण्यावर भागवावे लागते. भूजलाच्या उपशात भारत जगात पहिला आहे. अमेरिका व चीन यांचा एकत्रित उपसाही त्याहून कमी भरतो. २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यातील आठ अभियानांपैकी एक पाण्याचे होते आणि पाणीवापराची कार्यक्षमता २० टक्क्यांनी वाढविण्याचे उद्दिष्ट त्यात होते. परंतु २०२२ साली भारताने जगापुढे मांडलेली आकडेबद्ध उद्दिष्टे उत्सर्जन, वीजनिर्मिती आणि वने यांविषयीची होती. घरी जो आकडा मान्य केला, तो बाहेर सांगण्यास संकोच कशाला?

अर्थात बाहेर बोलावयाचे तर घरचे खातेही साफ हवे. मोफत विजेवरील अमर्याद उपसा, कमी पावसाच्या प्रदेशात उभा असलेला ऊस, नद्यांत सोडले जाणारे सांडपाणी आणि इमारतींखाली गाडलेले तलाव, या बाबी कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने सुटणार नाहीत. पण त्या सोडविण्याच्या रीती याच भूमीत घडल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची कल्पना राबविली. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविला, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि उसाला मनाई केली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची हे ठरविते. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात जोहड बांधून अरवरी नदी पुन्हा वाहती करणाऱ्या गावांनी १९९९ साली तिच्या रक्षणासाठी स्वतःची संसद स्थापिली. या सर्व प्रयोगांत बंधारा हा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे किती वापरावयाचे, याविषयी सर्वांनी मान्य केलेला नियम.

जागतिक परिषदांत भारताने हाच अनुभव मांडावा. प्रत्येक राष्ट्राच्या उद्दिष्टपत्रात उत्सर्जनाच्या शेजारी पाण्याचीही मोजता येण्याजोगी उद्दिष्टे असावीत. अनुकूलनाच्या निधीतील निश्चित वाटा भूजल, सिंचन व सांडपाणी यांसाठी राखून ठेवावा. आणि कोणताही ऊर्जाप्रकल्प हवामाननिधीतून मंजूर करण्यापूर्वी त्याचा पाण्यावरील परिणाम तपासला जावा. या तीन मागण्या माफक आहेत. जे गाव दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास आपल्या शिल्लक पाण्याचा हिशेब करते आणि मगच रब्बीची पेरणी ठरविते, त्याला त्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. जगाच्या प्रतिनिधींनाही त्या समजण्यास अवघड जाऊ नयेत.